लॉनमधलं तण: गवत राखून फवारणी

कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यातलं टू-फोर-डी (2,4-D) हे तणनाशक हरळीच्या लॉनलाही चालतं. एकदांडी, माठ अशी रुंद पानांची तणं पिळवटून मरतात. लव्हाळा मात्र त्याला दाद देत नाही, तिथे हॅलोसल्फ्युरॉन हे दुसरं तणनाशक. गवतासकट सगळं मारणारं ग्लायफोसेट नकोच, लॉनच जाईल.

टू-फोर-डी दोन प्रकारांत मिळतं: इस्टर टाळा, अमाईन सॉल्ट घ्या. इस्टरची वाफ शेजारच्या टोमॅटोपर्यंत जाते, पानं दोरीसारखी वळतात.

मात्रा झाकणाने ओतू नका. आधी साधं पाणी मारून 100 चौरस मीटरला किती लागतं ते मोजा, मग लेबलप्रमाणे औषध मिसळा. लेबलवर लॉन नसेल तर सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहाय्यक) विचारा.

पावसाळ्यात किमान 6 तासांची उघडीप आणि पडलेला वारा हवा. हातमोजे, चष्मा घाला. वाळेपर्यंत मुलं-कुत्री लांब. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. धुतलेल्या पंपात उरलेल्या अंशानेही भाजीची पानं वळतात.