अल्गोलच्या ग्रहणाची वेळ काढताय? या चुका टाळा

जानेवारीत ठाण्याला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मी आणि भाचा पहाटे साडेपाचला चढलो, अल्गोलचं ग्रहण (ययाती तारकासमूहातला हा जोडतारा, त्यातला फिका तारा तेजस्वी ताऱ्यासमोर आला की अल्गोल काही तास फिका दिसतो) सहाला आहे असं माझं गणित सांगत होतं, आणि बघतो तर ययाती कधीच मावळलेला. फार वाईट वाटलं. आकडा बरोबर होता, मी वाचला चुकीचा.

ग्रहणाची वेळ ज्युलियन दिवसात येते (खगोलशास्त्रातली दिवसांची सलग मोजणी), आणि हा दिवस मध्यरात्री नाही, दुपारी बाराला सुरू होतो, तोही जागतिक वेळेने, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला. पॉइंटनंतर .25 असेल तर सहा तास, ते साडेपाचात मिळवा, रात्रीचे साडेअकरा. मी ते सरळ सकाळचे सहा धरले होते. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, खरंच.

बाकी सूत्र सोपं आहे, माहीत असलेल्या एका ग्रहणाची वेळ घ्यायची आणि त्यात 2.8673 दिवसांच्या पूर्ण फेऱ्या मिळवत जायचं. पण हा आकडा 2.87 करू नका!! वर्षात साधारण 127 फेऱ्या होतात, तेवढ्याशा फरकाने वर्षभरात वेळ आठ तास सरकते. सुरुवातीची वेळ पण जुन्या पुस्तकातली नको, कारण अल्गोलचा आवर्तनकाळ (एका ग्रहणापासून पुढच्यापर्यंतचा वेळ) स्वतःच थोडाथोडा बदलतो, आणि फेरीमागे एक सेकंद चुकला तरी दहा वर्षांत वीसेक मिनिटं होतात.

टेबलातली वेळ बहुतेक वेळा सूर्यावरून बघितल्यासारखी दिलेली असते. नोव्हेंबरच्या मध्याला पृथ्वी अल्गोलच्या बाजूला असते, तेव्हा आपल्याला ग्रहण सात-आठ मिनिटं आधीच दिसतं. नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्याला याने फरक पडत नाही, वेळ नोंदवणाऱ्याला पडतो.

आणि बरोब्बर त्या मिनिटाला वर जाऊन एकदाच बघू नका, अख्खं ग्रहण दहा तासांचं असतं, दोन तास आधीपासून दर पंधरा मिनिटांनी तुलना करा तेव्हा उतार कळतो. तुलनेला देवयानी तारकासमूहातला गॅमा (प्रत 2.1; प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा फिका) आणि ययातीतला एप्सिलॉन (2.9) घ्या. शेजारचा रो नको, तो स्वतःच रूपविकारी आहे, म्हणजे त्याचंही तेज बदलतं.

ग्रहण हुकलं तर तिसऱ्या दिवशी 3 तास 11 मिनिटं आधी परत असतं. आमचं साडेअकराचं गेलं, म्हणून तीन दिवसांनी 8:19 चं धरलं, साडेसहालाच गच्चीवर. सव्वाआठला भाचा म्हणाला, "मावशी, हा एप्सिलॉनपेक्षा पण फिका पडलाय गं!"