मारणाऱ्या नवऱ्यांसोबत काम करताय? या चुका टाळा

इंदूरमधल्या नव्या समुपदेशकांची सगळ्यात घातक चूक म्हणजे नवरा-बायकोला समोरासमोर बसवणं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 14 प्रमाणे दोघांना वेगवेगळंही बोलावता येतं. तरी एकत्रच बोलावतात, कारण फाइल लवकर मिटते.

इथल्याच एका केंद्रावर असं जोडपं बसवलं. नवरा गोड बोलत होता, "ताई, भांड्याला भांडं लागतंच." बायकोचा मोबाइल त्याच्या शर्टाच्या खिशात. प्रत्येक उत्तराआधी ती त्याच्याकडे बघायची. शेवटी धीर करून म्हणाली, दिवाळीत ग्वाल्हेरला माहेरी जाऊ दिलं नाही. समुपदेशक खूश, मनातलं बाहेर आलं म्हणून. समझोत्यावर सह्या झाल्या. त्या एका वाक्यासाठी त्याने रात्री तिला मारलं. पुढच्या वेळी ती एकटी आली, हाताला प्लास्टर घालून.

मी प्रत्येक वेळी आधी बायकोला एकटीला भेटते. तिचं बोलणं त्याच्या कानावर जाऊ देत नाही. तो सुधारला की नाही, हेही तिलाच विचारते. आणि तो बैठकांना येतो म्हणजे घर सुरक्षित झालं असं नाही, हे तिला स्पष्ट सांगते.

दुसरी चूक, "रागावर ताबा राहत नाही" हे खरं मानणं. मी विचारते, "साहेबांनी सगळ्यांदेखत झापलं तेव्हा हात उचललात?" उत्तर कायम नाहीच असतं. म्हणजे ताबा आहे. मग "भांडण झालं" चालत नाही, "मी तिचे केस धरून ओढलं" असं बोलावं लागतं. याला महिने जातात. दोन बैठकांत निकाल हवा असेल त्याने हे काम घेऊच नये. "तिने उलट उत्तर दिलं" ऐकत बसू नका. याच कायद्याच्या 2006 च्या नियमांतल्या नियम 14 प्रमाणे हिंसेचं समर्थन समुपदेशनात चालत नाही, आणि ते त्याला आधीच सांगायचं असतं.

दारू सुटली की हातही थांबेल, असं धरू नका.

रडला म्हणून फाइलवर "सुधारणा" लिहू नका.

कोर्टाचा संरक्षण आदेश, म्हणजे तिच्यावर हिंसा करू नये असा हुकूम, त्याने मोडला तर समजावत बसू नका. याच कायद्याच्या कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

गळा दाबल्याचं किंवा जिवे मारायची धमकी दिल्याचं कळलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी तिला आणि संरक्षण अधिकाऱ्याला (या कायद्याखाली सरकारने नेमलेला अधिकारी) कळवा. 181 (महिला हेल्पलाइन) आणि 112 (आपत्कालीन मदत) हे नंबर तिला तोंडपाठ करायला सांगा, मोबाइल तिच्या हातात असेलच असं नाही.