डोळे मिटून चित्र कसं काढायचं: एश्रेफ आर्माआन यांच्या वाटेने

स्वयंपाकघरातला एक स्टीलचा पेला घ्या आणि डोळे मिटा. पेल्याच्या काठावरून बोट फिरवा. बोट गोल फिरून निघालं तिथेच परत येतं. आता तसेच डोळे मिटून हा पेला कागदावर काढा.

बहुतेकांचा हात इथेच अडतो. काठ गोल काढायचा की लंबगोल? बोट सांगतं गोल. शाळेच्या चित्रकलेच्या तासाला शिकलेलं आठवतं, ते सांगतं लंबगोल. दोन्ही खरं आहे. गोल हा पेल्याचा आकार आहे आणि लंबगोल हा तुम्ही कुठून बघता त्याचा. हा फरक ज्याला हाताने कळला त्याला डोळ्यांशिवाय चित्र काढता येतं, आणि याचा सगळ्यात मोठा पुरावा तुर्कस्तानात आहे.

अंध चित्रकार एश्रेफ आर्माआन यांचा जन्म 1953 मध्ये इस्तंबूलमधल्या एका गरीब घरात झाला. एश्रेफ म्हणजे आपल्याकडचा अशरफ. आडनावाच्या तुर्की स्पेलिंगमध्ये एक टोपीवाला 'ग' असतो, पण तो उच्चारात येत नाही. शब्दाचा अर्थ भेट. ते जन्मापासून अंध आहेत, दोन्ही डोळ्यांना उजेडसुद्धा कळत नाही. शाळेत गेले नाहीत, चित्रकला कोणी शिकवली नाही. लहानपणी मातीत ओरखडे काढायचे. सहाव्या वर्षी हातात पेन्सिल-कागद आला, अठराव्या वर्षी बोटांनी रंगवायला लागले, आधी कागदावर आणि मग कॅनव्हासवर तैलरंगात. बेचाळिसाव्या वर्षी लवकर वाळणारे अ‍ॅक्रिलिक रंग मिळाले. घरं, होड्या, फुलपाखरं, डोंगर, माणसांचे चेहरे असं सगळं त्यांच्या चित्रांत आहे.

त्यांची पद्धत घरी करून बघता येते. एक मात्र आधीच सांगते. डोळ्यांवर पट्टी बांधून तासभर बसलं म्हणजे अंध माणसाचं जग कळलं, असं होत नाही. पट्टी बांधलेला माणूस नुसता गोंधळलेला डोळस असतो. आपण हे करायचं ते हाताला किती कळतं हे पाहण्यासाठी, आणि जमलं तर ते कोणाच्या तरी उपयोगी पडावं यासाठी.

पाटी तयार करा

साध्या कागदावर पेन्सिलची रेघ बोटाला लागत नाही, म्हणून आधी रेघ उठून येईल अशी पाटी हवी. सगळ्यात स्वस्त म्हणजे जाळीची. वहीच्या आकाराचा प्लायवूडचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा घ्या. खिडकीला लावतात ती डासांची जाळी त्यावर ताणून बसवा आणि कडा चिकटपट्टीने नीट बंद करा, नाहीतर तारेचं टोक बोटात जातं. वर प्रिंटरचा साधा कागद आणि हातात मेणाचा खडू. जाळीवरून खडू दाबून ओढला की रेघ खरखरीत उमटते आणि बोटाला लगेच सापडते.

दुसरा प्रकार रबराच्या पाटीचा. रबर लावलेल्या फळीवर पातळ प्लास्टिकचा कागद ठेवून बॉलपेन दाबून ओढलं की प्लास्टिक रेघेपुरतं वर उचललं जातं. आर्माआन यांनीही अशी पाटी वापरली आहे. घरी जुना माउसपॅड चालतो, पण प्लास्टिक कुठलंही चालत नाही. दोन-तीन प्रकार करून बघा.

कागदाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात एक टिकली चिकटवा. हात भरकटला की परत यायला ठिकाण लागतं, आणि पहिल्या दिवशी तो दहादा भरकटतो.

दोन्ही हात कामाला लावा

उजवा हात रेघ ओढतो तेव्हा डाव्या हाताची बोटं मागोमाग तिच्यावरून सरकत राहतात. रेघ कुठवर आली आणि कुठे वळली हे डावा हात सांगतो. डावखुरे असाल तर उलट. सुरुवातीला डावा हात मांडीवरच पडून राहतो, आपल्याला त्याची सवयच नसते. दहा मिनिटं नुसते चौकोन आणि गोल काढा. सुरू केला त्याच जागी गोल बंद झाला की पुढे जायचं.

घरात शांतता हवी. हे लाडाचं वाटेल, पण आर्माआन यांनाही काम करताना पूर्ण शांतता लागते.

वस्तू चाचपा आणि 'कुठून' ते ठरवा

आता परत पेल्याकडे. तो समोर टेबलावर ठेवा. आधी वरून हात आणा. तळहाताला फक्त काठ लागतो, म्हणून वरून काढलेला पेला म्हणजे एक गोल. मग समोरून दोन्ही हात बाजूंनी खाली न्या. दोन तिरक्या रेघा, खाली जरा जवळ येणाऱ्या, आणि तळाशी एक आडवी. हा समोरचा पेला. पहिल्या वेळी माझ्या कागदावर दोन्ही एकत्र आलं होतं, वर पूर्ण गोल आणि खाली पेल्याची बाजू, लॉलीपॉपसारखं. त्यात चूक अशी काही नव्हती. मला पेल्याबद्दल जे जे कळलं होतं ते सगळं कागदावर होतं, फक्त मी एका जागी उभी नव्हते.

एका जागी उभं राहायचं ठरलं की गोल आपोआप दबायला लागतो. पेला डोळ्यांच्या उंचीवर आला की काठाची नुसती रेघ होते. त्या दोन टोकांच्या मधला प्रत्येक लंबगोल ही एकेक उंची.

लांबचं लहान का, हे हातांनी मोजा

ही पायरी सगळ्यात मजेची आहे, म्हणून घाई करू नका. लांब जाणारा रस्ता निमुळता होतो, हे तर डोळ्यांनीच कळतं असं आपण धरून चालतो. एखाद्या लांब व्हरांड्याच्या तोंडाशी मधोमध उभे राहा आणि डोळे मिटा. दोन्ही हातांनी दोन्हीकडच्या भिंतींच्या अगदी जवळच्या कोपऱ्यांकडे बोट दाखवा. हात पंखासारखे पसरलेले असतील. आता त्याच भिंतींवर दहा पावलं पुढची जागा मनात धरून तिकडे बोट दाखवा. हात जवळ येतात. व्हरांड्याच्या शेवटाकडे बोट दाखवा, ते जवळजवळ जुळतात. भिंती समांतरच आहेत, पण त्यांची दिशा दाखवणारे हात मिटत जातात. चित्रकलेतलं यथार्थदर्शन (इंग्रजीत पर्स्पेक्टिव्ह) म्हणजे एवढंच. ते दिशेचं गणित आहे आणि दिशा अंध माणसालाही कळते.

टोरांटो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन केनेडी अनेक वर्षं हेच मांडत आले. त्यांनी आर्माआन यांना चौकोनी ठोकळा काढायला सांगितला. मग तोच ठोकळा वळवलेला, मग आणखी वळवलेला. कोपरे जिथे जायला हवेत तिथे गेले आणि लांबच्या कडा जवळ येत गेल्या. पुढे एका माहितीपटासाठी आर्माआन यांना इटलीतल्या फ्लॉरेन्सला नेलं, तिथल्या अष्टकोनी बाप्तिस्तेरीसमोर, म्हणजे बाप्तिस्मा देण्याच्या इमारतीसमोर. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला वास्तुविशारद ब्रुनेलेस्की यांनी याच इमारतीचं चित्र करून यथार्थदर्शनाचा नियम दाखवला होता. आर्माआन यांनी काढलेल्या चित्रात त्या भिंती मागे जाताना बरोबर निमुळत्या झाल्या होत्या.

2004 मध्ये बॉस्टनला, हार्वर्डच्या आल्व्हारो पास्क्वाल-लिओने आणि आमिर आमेदी यांच्या गटाने आर्माआन चित्र काढत असताना त्यांच्या मेंदूचं स्कॅन केलं. डोळस माणूस बघतो तेव्हा मेंदूचा जो मागचा भाग कामाला लागतो, तोच त्यांच्या डोक्यात जागा झालेला दिसला. शोधनिबंध 2008 मध्ये आला. म्हणजे तो भाग डोळ्यांची वाट बघत रिकामा बसला नव्हता, त्याने हातांकडून काम घेतलं होतं.

आता व्हरांडाच काढा. खाली दोन रेघा पसरलेल्या, वर जवळ आलेल्या. मग दोन्हीकडे खांब, जवळचे उंच आणि लांबचे बुटके.

रंग

यासाठी जाळीची पाटी बाजूला ठेवा. जाड कार्डशीटवर बाह्यरेषा उठावाची हवी. आर्माआन ब्रेल लिहिण्याच्या टोकदार कलमाने ती कोरून घेतात. आपल्याकडे सोपा उपाय आहे. मेंदीच्या रिकाम्या कोनात फेविकॉल भरा आणि बारीक रेघ काढा. रात्रभर वाळू द्या. सकाळी बोटाला छान कुंपण लागतं.

रंगांच्या बाटल्या ओळीने मांडा आणि ओळ बदलू नका. बाटल्यांना रबरबँड लावले तर आणखी बरं, एक म्हणजे लाल, दोन म्हणजे पिवळा. मग बोटाच्या टोकावर रंग घेऊन कुंपणाच्या आत भरायचा. एका वेळी एकच रंग. तो पुरता वाळला की दुसरा, नाहीतर बोट पहिल्यात जातं आणि सगळ्याचा चिखल होतो. तैलरंग वाळायला त्यांना दिवसचे दिवस थांबावं लागायचं, म्हणून अ‍ॅक्रिलिकने त्यांचं काम बदललं.

कुठल्या वस्तूचा रंग कोणता, हे त्यांनी लोकांना विचारून लक्षात ठेवलं. एक गंमत म्हणजे सावली वस्तूच्याच रंगाची असते असा त्यांचा समज होता, लाल वस्तूची सावली लाल. तसं नसतं हे कोणीतरी सांगावं लागलं. ते हाताने कळण्यातलं नाहीच. तुम्हीही डोळे मिटलेले असताना सावलीच्या फंदात पडू नका.

चेहरा काढायचा तर त्यांची एक युक्ती आहे. फोटोवरच्या चेहऱ्याच्या रेघांवरून एखाद्या डोळस माणसाने दाबून रेघ ओढायची, मग कागद उलटा करायचा. मागे रेघ उठलेली असते. ती डाव्या हाताने वाचत उजव्या हाताने दुसऱ्या कागदावर उतरवायची. उलट्या बाजूने डावं-उजवं बदलतं, तेवढं ध्यानात ठेवायचं.

आणि मग ते कोणाला तरी द्या

फेविकॉलच्या रेघांचं हे तंत्र हातात बसलं की त्याचा खरा उपयोग अंध मुलांसाठी चित्रं करण्याचा. ब्रेलची पुस्तकं मिळतात, पण हाताने वाचायची चित्रं अजून फारच थोडी. इथे मात्र आपली चित्रकला आवरावी लागते.

चित्र दोन तळव्यांत मावेल एवढंच. एका कागदावर एकच वस्तू. दोन रेघांमध्ये निदान 3 मिलिमीटर अंतर, नाहीतर बोटाला ती एकच जाड रेघ वाटते. मागे डोंगर, वर ढग, कोपऱ्यात सूर्य असलं काही नको. पृष्ठभाग वेगळे करायला सॅंडपेपर, कापूस, सुती कापड चिकटवा, पण एका चित्रात दोन-तीनच. निमुळता रस्ता काढायचा असेल तर मुलाला आधी तो हात पसरण्याचा खेळ करून दाखवा. नाव ब्रेलमध्ये हवं. ब्रेल पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचून कागद उलटा करून वाचतात. येत नसेल तर येणाऱ्याकडून लिहून घ्या, अंदाजाने टोचू नका.

जवळच्या अंधशाळेत थेट गठ्ठा घेऊन जाऊ नका. आधी शिक्षकांना विचारा, या वर्षी त्यांना काय शिकवायचं आहे. कदाचित फुलपाखरू नको असेल, महाराष्ट्राचा नकाशा हवा असेल, किंवा नुसते त्रिकोण.

पहिलं चित्र एका मुलाच्या हातात द्या आणि ते काय आहे हे सांगू नका. गप्प बसा. दोन्ही हात कागदावरून फिरतील, टिकलीपाशी थांबतील, परत खाली येतील. मुलाने "हा कप ना? मग कपाचा कान कुठाय?" असं विचारलं, तर कागद उचला आणि घरी जाऊन कान काढा.