वंशावळीची फाइल उडाली? पुन्हा उभी करताना या चुका टाळा

पहिली चूक घाबरून होते. फाइल गेल्याचं कळताच माणूस त्याच कॉम्प्युटरवर रिकव्हरी सॉफ्टवेअर उतरवतो आणि नेमकं तेच सॉफ्टवेअर गेलेल्या फाइलच्या जागेवर जाऊन बसू शकतं. कॉम्प्युटर बंद करा. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडा, 'फोटोरेक'सारखं रिकव्हरी सॉफ्टवेअर तिथून चालवा आणि सापडेल ते तिसरीकडे साठवा. डिस्क टकटक वाजत असेल तर मात्र हात न लावता जाणकाराकडे द्या.

उपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्या बघायला लगेच त्र्यंबकेश्वर गाठायचीही घाई नको. आधी भाऊबंदांकडे मागा. कुणाच्या मुंजीला वाटलेला तक्ता, चुलतभावाला केलेला मेल, व्हॉट्सअ‍ॅपवरची पीडीएफ... जुनी प्रत असली तरी सांगाडा हाती लागतो.

खरा घोळ पुढे होतो, आठवणीतून नावं भरताना. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला. गोविंद महादेव, त्यांचे महादेव गोविंद, त्यांचे पुन्हा गोविंद महादेव. दोन गोविंद एक झाले की मधले महादेव गायब आणि खालची सगळी शाखा दोन पायऱ्यांनी वर सरकते! म्हणून आठवणीतली नोंद वेगळ्या रंगात ठेवा. पक्क्या नोंदीपुढे पुरावा हवाच: कोणत्या उपाध्यायांची वही, कोणत्या गावचा फेरफार आणि त्याचा क्रमांक, कोतवाल बुकाचं (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीचं) पान. तारीख मुळात असेल तशीच उतरवा. शके 1820च्या माघातल्या मृत्यूला सरसकट 78 मिळवून 1898 लिहिलंत तर चुकलात, ते साल 1899 आहे. मूळ मिती शेजारी असेल तर अशी चूक निदान सापडते तरी.

आता बॅकअप. गूगल ड्राइव्हला सिंक लावलं म्हणजे बॅकअप झाला, हा गैरसमज सर्रास आहे. इथे डिलीट केलं की तिथलंही जातं आणि गूगल ड्राइव्हची कचरापेटी 30 दिवसांनी रिकामी होते. मोडी कागदांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवू नका, फिकट शाई दाबलेल्या फोटोत पार पुसट होते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये, टाइप केलेला जुना कुळवृत्तांत असेल तर आत्ताच युनिकोडमध्ये आणा, नाहीतर फाइल शाबूत राहील आणि अक्षरांची मात्र खिचडी दिसेल. वंशावळीच्या सॉफ्टवेअरमधून गेडकॉम फाइल (अशा कुठल्याही सॉफ्टवेअरला वाचता येणारी) काढून ठेवाच, पण तिच्यात बहुधा फोटो येत नाहीत, त्यांचा फोल्डर वेगळा जपा.

एक प्रत दुसऱ्या गावी हवी. 12 जुलै 1961ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्यात नदीकाठची घरंच्या घरं पाण्यात गेली. एकाच घरात तीन प्रती असून काय उपयोग? नागपूरच्या मावशीकडे एक डिस्क ठेवा आणि दर दिवाळीला तिला त्यातली एखादी फाइल उघडून बघायला सांगा. नुसती डिस्क कपाटात आहे ना, एवढंच विचारू नका.