वसंतात पर्वतीय सरोवराकाठी मधुचंद्र: नियोजनाची सुरुवात उंचीपासून करावी

पर्वतीय सरोवराकाठी मधुचंद्राला जायचे ठरले की बहुतेक जोडपी सर्वप्रथम हॉटेलांची छायाचित्रे पाहू लागतात. ही छायाचित्रे बहुधा ऐन उन्हाळ्यात काढलेली असतात: निळेशार पाणी, काठावर हिरवळ आणि दूरच्या शिखरावर थोडासा बर्फ. त्याच ठिकाणी वसंताच्या प्रारंभी पोहोचल्यास सरोवर गोठलेले, पायवाटा चिखलाने भरलेल्या आणि अनेक हॉटेले बंद, असे चित्र दिसू शकते. म्हणून आधी सरोवराची समुद्रसपाटीपासूनची उंची पाहावी, तिच्यावरून तिथे वसंत कधी येतो याचा अंदाज बांधावा आणि त्यानंतरच मुक्कामाचा विचार करावा.

उंची चढत जावे तसे हवेचे तापमान दर हजार मीटरमागे सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. पायथ्याशी फुले आलेली असताना दीड-दोन हजार मीटर वर हिवाळा मुक्कामाला असतो, तो यामुळेच. इटलीतील कोमो सरोवर आल्प्सच्या कुशीत असूनही समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर आहे. त्यामुळे एप्रिलच्या उत्तरार्धात आणि मेच्या प्रारंभी त्याच्या काठावर अझेलिया बहरात असतात आणि त्रेमेझ्झो येथील व्हिला कार्लोत्ताची बाग या बहरासाठीच ओळखली जाते. कॅनडातील लेक लुईस १,७०० मीटरहून उंच आहे; त्यावरील बर्फ बहुधा मेच्या अखेरीस किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात वितळतो. लडाखमधील पँगाँग ४,२०० मीटरहून उंचावर आहे. त्याचे पाणी खारट असूनही हिवाळ्यात गोठते आणि एप्रिलमधील रात्रीही तिथे कडाक्याच्या असतात. तिन्ही सरोवरे डोंगरातलीच, परंतु एप्रिलमध्ये मधुचंद्रासाठी त्यांपैकी पहिलेच योग्य ठरेल.

उंचीबरोबर खोलीही विचारात घ्यावी. अमेरिकेतील लेक टाहो सुमारे १,९०० मीटर उंचीवर असूनही पूर्ण गोठत नाही, कारण ते सुमारे ५०० मीटर खोल आहे आणि पाण्याच्या एवढ्या मोठ्या साठ्यातील उष्णता एका हिवाळ्यात संपत नाही. उथळ सरोवर लवकर गोठते, परंतु बर्फ गेल्यावर लवकर तापतेही. दक्षिण गोलार्धातील सरोवर निवडल्यास वसंत सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात येतो, हे तारखा ठरवताना लक्षात असू द्यावे. न्यूझीलंडमधील टेकापो सुमारे ७०० मीटरवर असून २०१२ मध्ये घोषित झालेल्या अंधाऱ्या आकाशाच्या संरक्षित क्षेत्रात येते; ज्या दोघांना ताऱ्यांची ओढ आहे त्यांनी अशा ठिकाणाचा अवश्य विचार करावा.

तारखा

लग्न आणि मधुचंद्र एकमेकांना जोडून असलेच पाहिजेत असा नियम नाही. लग्न हिवाळ्यात झाले असेल आणि मनातील सरोवर मेपर्यंत गोठलेले राहत असेल, तर दोन-तीन महिने थांबणे हा शहाणपणाचा निर्णय ठरतो. लग्नानंतर लगेच निघायचे असेल तरीही मध्ये किमान दोन दिवस विश्रांतीसाठी मोकळे ठेवावेत. समारंभाच्या धावपळीने शरीर थकलेले असते आणि थकलेल्या शरीराला लांबचा घाटरस्ता, थंडी आणि विरळ हवा हे तिन्ही एकदम सोसत नाही.

रस्त्याचा प्रश्न वसंतात विशेष महत्त्वाचा असतो. उंच खिंडींतून जाणारे रस्ते बर्फ काढून झाल्याखेरीज खुले होत नाहीत. आल्प्समधील श्टेल्व्हिओ खिंड बहुधा मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीस खुली होते, तर कॅनडातील मोरेन सरोवराकडे जाणारा रस्ताही साधारण जूनच्या आरंभीच सुरू होतो. अशा वेळी रस्ता उघडण्याच्या सरासरी तारखेवर विसंबू नये. गेल्या काही वर्षांतील सर्वांत उशिराची तारीख शोधावी आणि तिच्यापुढे आठवडाभर तरी सोडून आपले आरक्षण करावे. बोटसेवा, रोपवे आणि काठावरील बागा यांची वेळापत्रकेही वसंतात बदलतात, त्यामुळे ज्या एका गोष्टीसाठी तुम्ही तिथे जात आहात ती त्या आठवड्यात सुरू असेल का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे.

तारखा नक्की करताना चंद्राची तिथीही पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. पौर्णिमेच्या आसपास पाण्यावरील चांदणे मिळते, अमावास्येच्या आसपास ताऱ्यांनी भरलेले आकाश मिळते आणि दोन्ही एकाच मुक्कामात क्वचितच साधतात. पूर्वेला उंच डोंगर असल्यास चंद्र दिनदर्शिकेतील वेळेपेक्षा बराच उशिरा वर दिसतो. पत्नीच्या मासिक पाळीच्या तारखांचाही विचार दोघांनी मोकळेपणाने करावा. गोळ्यांनी पाळी पुढे ढकलायची असल्यास तो निर्णय डॉक्टरांना भेटून, पुरेसा वेळ हाताशी ठेवून घ्यावा.

उंचीचा त्रास

सरोवर २,५०० मीटरपेक्षा खाली असेल तर या भागाची फारशी काळजी करण्याचे कारण नाही. त्याहून वर मात्र डोकेदुखी, मळमळ, चक्कर, थकवा आणि झोप न लागणे ही लक्षणे धडधाकट तरुण माणसांतही दिसू शकतात, कारण उंचीचा त्रास शारीरिक तंदुरुस्ती पाहून येत नाही. वैद्यकीय मार्गदर्शनातील सर्वमान्य नियम असा आहे की ३,००० मीटरच्या वर गेल्यानंतर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. हा नियम पाळायचा तर चार दिवसांच्या सुट्टीत ४,००० मीटरवरील सरोवराकाठी राहणे बसत नाही आणि हे आधीच मान्य करणे उत्तम. अशा सरोवराची हौस असेल तर सुट्टी वाढवावी, नाहीतर खालचे सरोवर निवडावे.

पहिल्या एक-दोन रात्री मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात, पाणी पुरेसे प्यावे आणि दमछाक करणारी चढण नंतरसाठी ठेवावी. उंचीवरील त्रास टाळण्यासाठी दिले जाणारे ॲसिटाझोलामाइड हे औषध स्वतःच्या मनाने घेऊ नये. गर्भधारणा झालेली असण्याची शक्यता असेल, किंवा हृदयाचा अथवा फुप्फुसाचा विकार असेल, तर जागा ठरवण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. विश्रांती घेत असतानाही धाप लागणे, चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे ही धोक्याची लक्षणे आहेत. ती दिसताच सकाळ होण्याची वाट न पाहता खाली उतरण्याची व्यवस्था करावी. नवविवाहितांपैकी एकजण दुसऱ्याचा विरस होऊ नये म्हणून त्रास लपवतो, आणि नेमके तेच या आजारात घातक ठरते. निघण्यापूर्वीच दोघांनी एकमेकांना शब्द द्यावा की डोके दुखले तरी सांगायचे.

खोली कोणत्या काठावर घ्यावी

मुक्काम निवडताना सजावटीपेक्षा दिशेला महत्त्व द्यावे. सरोवर दोन उंच डोंगररांगांच्या मध्ये असेल, तर पश्चिम काठावरील खोल्यांना सकाळचे ऊन आधी मिळते, मात्र दुपार कलताच मागच्या डोंगराची सावली त्यांच्यावर पडते आणि वसंतात त्या सावलीबरोबर थंडी झपाट्याने उतरते. पूर्व काठावर सकाळ उशिरा उजाडते, परंतु संध्याकाळचा प्रकाश बराच वेळ टिकतो आणि सूर्यास्त पाण्यापलीकडे दिसतो. मधुचंद्रात सकाळी उशिरा उठणाऱ्या जोडप्याला पूर्व काठच अधिक मानवेल, असे माझे मत आहे. पहाटे उठून स्थिर पाण्यातील शिखरांचे प्रतिबिंब पाहण्याची हौस असलेल्यांनी पश्चिम काठ घ्यावा, कारण पहाटेचे पहिले ऊन आणि निवांत पाणी त्यांना खोलीतूनच अनुभवता येते.

आरक्षण करताना काही प्रश्न स्पष्ट शब्दांत आणि शक्य असल्यास लेखी विचारावेत. खोली आणि पाणी यांच्यामध्ये वाहतुकीचा रस्ता आहे का? ‘सरोवराचे दृश्य’ म्हणजे पलंगावरून दिसणारे दृश्य, की सज्जात वाकून पाहिल्यावर दिसणारे? खोली उबदार ठेवण्याची यंत्रणा वसंतात चालू असते का, की हिवाळा संपल्याचे मानून ती बंद केली जाते? वीज गेल्यास तिची पर्यायी सोय काय? हंगामापूर्वी अनेक ठिकाणी दुरुस्तीची कामे काढली जातात, त्यामुळे त्या आठवड्यात शेजारी बांधकाम चालू असेल का, हेही विचारावे. या काळात दर तुलनेने कमी असतात. वाचलेल्या पैशांतून अधिक मोठी खोली घेण्याऐवजी तारीख बदलण्याची किंवा रद्द करण्याची मुभा विकत घ्यावी, कारण वसंतातील हवामान कोणाचेही वेळापत्रक पाळत नाही.

पाणी आणि वारा

वसंतातील पर्वतीय सरोवर सर्वांत सुंदर आणि सर्वांत फसवे असते. पाण्याची घनता सुमारे ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक होते, त्यामुळे बर्फ वितळल्यानंतर पृष्ठभागाचे पाणी त्या तापमानापर्यंत तापेतो खाली बुडत राहते, खालचे वर येते आणि संपूर्ण सरोवर ढवळून निघते. परिणामी हवा २० अंशांवर पोहोचलेली असली, अंगावर कोवळे ऊन असले, तरी पाणी कित्येक आठवडे बर्फासारखेच राहते. अशा पाण्यात अचानक पडल्यास पहिल्या मिनिटभरात श्वास आवरत नाही, पुढच्या सुमारे दहा मिनिटांत हातापायांतील शक्ती जाते आणि उत्तम पोहणाराही हतबल होतो. म्हणून पोहण्याचा बेत वसंतात करूच नये. नौकाविहार जरूर करावा, पण जीवरक्षक जाकीट अंगात नीट बांधून. ते नावेत बाजूला ठेवल्याने काहीही उपयोग होत नाही, आणि छायाचित्रासाठी काढून ठेवण्याचा मोह दोघांनीही टाळावा. तोल जाऊ शकेल अशा लहान होडीत उभे राहू नये. सरोवर अद्याप गोठलेले असेल तर त्यावर पाऊल टाकू नये, कारण वसंतातील बर्फ आतून उभ्या कांड्यांसारखा सुटा झालेला असतो आणि जाड दिसला तरी वजन पेलत नाही.

नौकाविहाराची वेळ सकाळची ठेवावी. ऊन चढले की डोंगरउतार तापतात, हवा वर सरकते आणि दरीतून वारा सुटतो. रात्री हेच चक्र उलटते. कोमोवर हे इतके नियमित घडते की सकाळच्या उत्तरेकडील वाऱ्याला तिवानो आणि दुपारच्या दक्षिणेकडील वाऱ्याला ब्रेव्हा अशी नावेच पडली आहेत. ज्या सरोवराला जाल तिथल्या नावाड्यांना वारा किती वाजता उठतो, हे पहिल्याच दिवशी विचारावे आणि त्याआधी काठावर परतावे. दुपारी ढग दाटून गडगडाट ऐकू आल्यास पाण्यात थांबू नये.

हाच सकाळचा नियम पायी भटकंतीलाही लागू पडतो. दिवसभर बर्फ वितळल्याने ओढे दुपारनंतर फुगतात, आणि सकाळी सहज ओलांडलेला ओढा परतताना वाट अडवू शकतो. उन्हाने ओला झालेला बर्फ तीव्र उतारांवरून दुपारी घसरतो, तेव्हा अशा उतारांखालून जाणारी वाट स्थानिक हिमस्खलन सूचना पाहिल्याखेरीज धरू नये. याउलट वाहन चालवण्याची घाई सकाळी करू नये: दिवसा रस्त्यावर वाहिलेले पाणी रात्री गोठते आणि त्याचा पातळ काचेसारखा थर उजाडल्यानंतरही काही वेळ टिकतो.

सामान आणि कागदपत्रे

एकच जाड कोट घेण्यापेक्षा तीन पातळ थर उपयोगी पडतात: अंगालगत लोकरीचा किंवा घाम लवकर सुकवणारा कपडा, त्यावर उबदार थर आणि सर्वांत वर वारा व पाऊस अडवणारे जाकीट. सुती कपडा भिजला की ऊब देत नाही. पाणी आत न शिरणारे बूट घ्यावेत आणि ते लग्नापूर्वीच वापरून पायांना सवयीचे करावेत. दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरणांची तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते, शिवाय ताजा बर्फ त्यांचा मोठा भाग परावर्तित करतो. त्यामुळे थंडी वाजत असतानाही त्वचा भाजते. उन्हापासून संरक्षण देणारे मलम आणि चांगल्या दर्जाचा गडद चष्मा दोघांसाठी स्वतंत्र असावा. छायाचित्रांसाठी खास पोशाख नेण्यास हरकत नाही, फक्त त्याच्या आत उबदार थर मावेल इतका तो सैल असावा.

लग्नानंतर नाव बदलणार असाल तर प्रवासाची तिकिटे ओळखपत्रावर आज जे नाव आहे त्याच नावाने काढावीत आणि नावबदलाचा अर्ज परतल्यावर करावा. प्रवास विमा घेताना तुम्ही जाणार आहात त्या उंचीपर्यंत तो लागू आहे का आणि डोंगरातून सुटका करण्याचा खर्च त्यात धरलेला आहे का, ही दोन कलमे स्वतः वाचावीत. नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवावेत, कारण दऱ्यांमध्ये नेटवर्क बहुधा मिळत नाही.

दिवस कसे आखावेत

एका दिवशी एकच ठरलेला कार्यक्रम ठेवावा आणि तोही सकाळी. उरलेला दिवस मोकळा सोडण्यात वेळ वाया जात नाही. सरोवराकाठी येण्याचे प्रयोजनच ते आहे. निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्याला मनापासून हव्या असलेल्या दोन गोष्टी आणि अजिबात नको असलेली एक गोष्ट कागदावर लिहावी आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवून आखणी करावी. एकाला चालायचे असते, दुसऱ्याला नुसते बसून राहायचे असते. हा फरक घरीच कळलेला बरा. काही तास वेगवेगळे घालवायची इच्छा झाली तरी ती गैर मानू नये. सलग दोन दिवस पाऊस पडला तर काय करायचे, याचेही उत्तर तयार असावे: पुस्तके, पत्ते, जवळचे एखादे संग्रहालय किंवा गरम पाण्याचा झरा. चारपेक्षा कमी रात्री असतील तर मुक्काम एकाच ठिकाणी करावा, कारण सामान बांधण्या-सोडण्यात जाणारा अर्धा दिवस एवढ्या लहान सुट्टीला परवडत नाही.

निघण्याच्या आठ दिवस आधी हॉटेलला स्वतः फोन करावा आणि रस्ता खुला आहे का, सरोवरावरील बर्फ गेला आहे का, बोटी सुरू झाल्या आहेत का, हे विचारावे. यांपैकी कशाचेही उत्तर समाधानकारक नसेल, तर तारीख बदलण्याची जी मुभा घेतली आहे तिची मुदत त्या दिवशी शिल्लक असली पाहिजे. म्हणून आरक्षण करतानाच तिची शेवटची तारीख दोघांच्याही फोनमध्ये नोंदवून ठेवावी.