हलक्या रानात इंधनासाठी बहुवार्षिक गवत : खरिपापूर्वीचा सल्ला

केंद्र सरकारने ऑक्टोबर 2018 मध्ये 'सतत' योजनेतून जैववायू प्रकल्पांना चालना दिली, तर ऑक्टोबर 2021 मध्ये औष्णिक वीज केंद्रांत कोळशासोबत बायोमासचे पेलेट्स (काडीकचरा, गवत दाबून केलेल्या गोळ्या) जाळण्याचे सुधारित धोरण आणले. तेव्हापासून पडीक रानात गवत लावून ते इंधनासाठी विकावे, ही कल्पना शेतकऱ्यांपुढे वारंवार मांडली जाते. यंदा लागवडीचा विचार असेल, तर कोणते गवत लावायचे याचा निर्णय पावसाआधी आणि जमिनीची खोली पाहूनच करावा.

जाहिरातींत बहुधा संकरित नेपियर दाखवले जाते. बाजरी आणि हत्ती गवत यांच्या संकरातून झालेले हे पीक बी धरत नसल्याने दोन डोळ्यांची कांडी किंवा मुळासकट ठोंब लावूनच ते वाढवावे लागते. त्याचे उत्पादन भरघोस येते, पण ते पाणी आणि खत यांच्या बळावर. सोलापूर, अहिल्यानगर, बीड या भागांतील अवर्षणप्रवण पट्ट्यात, जेथे वीतभर मातीखाली मुरूम लागतो, तेथे ओलिताशिवाय नेपियरकडून जाहिरातीतल्या आकड्यांची अपेक्षा धरू नये. ज्या रानाला बारमाही पाणी देता येते, त्याला पडीक का म्हणावे, हा प्रश्न वेगळाच.

म्हणून रानात तीन-चार ठिकाणी खड्डे घेऊन पाहावे. 20 ते 25 सेंटिमीटरवर मुरूम लागत असेल, तर अंजन, मारवेल किंवा डोंगरी गवत निवडावे. त्यांचे उत्पादन नेपियरपेक्षा बरेच कमी असले, तरी पावसाच्या भरवशावर ती टिकतात, कोरड्या वर्षानंतर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटतात आणि उताराची माती धरून ठेवतात. पाणथळ जमिनीत मात्र अंजन साधत नाही.

अंजनाचे बी हलके व केसाळ असल्याने ते वाऱ्याने उडते. ते ओलसर मातीत कालवून, उताराला आडव्या ओळींत पेरावे आणि त्यावर एक-दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त माती येऊ देऊ नये. एकरी साधारण दोन किलो बी लागते. ताज्या बियाला सुप्तावस्था असते, त्यामुळे मागील हंगामातील बी घेतलेले चांगले. मारवेलचे ठोंब पाऊस स्थिरावल्यावर, जमिनीत पुरेशी ओल असताना लावावेत आणि तीन आठवड्यांत नांग्या (न जगलेल्या ठोंबांच्या रिकाम्या जागा) भराव्यात. ओळींमध्ये स्टायलो हे शेंगवर्गीय चारापीक पेरल्यास नत्राची थोडी भरपाई होते आणि चाऱ्याचा कसही वाढतो. पहिल्या वर्षी एक खुरपणी चुकवू नये आणि जनावरे मुळीच सोडू नयेत.

कापणीची वेळ गिऱ्हाइकावर ठरते. जैववायू प्रकल्पाला कोवळे, हिरवे गवत हवे असते, कारण निबर झालेले गवत टाकीत नीट कुजत नाही. पेलेट्ससाठी उलट पक्व आणि वाळलेला माल लागतो, त्यामुळे पावसाळा सरल्यावर, गवत उभ्यानेच पिवळे पडू लागले की जमिनीपासून दहा सेंटिमीटर बुडखा ठेवून कापावे. तोवर पानांतील अन्नद्रव्यांचा काही भाग मुळांकडे परतलेला असतो, त्यामुळे जमिनीतील अन्नद्रव्ये कमी खर्ची पडतात आणि जळताना राखेचा त्रासही कमी होतो. तरीही दरवर्षी माल रानाबाहेर जाणार असल्याने शेणखत किंवा थोडे नत्र द्यावेच लागते. वाळते गवत उभे असताना कडेने जाळपट्टा (आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढून ठेवावा.

सौदा करताना ओलाव्याकडे नीट लक्ष द्यावे. हिरव्या नेपियरमध्ये सुमारे 80 टक्के पाणी असते, म्हणजे दहा टन हिरवा माल वाळवून ओलावा दहा टक्क्यांवर आणला, तर हाती सव्वादोन टनांच्या आतच उरते. दर हिरव्या वजनावर आहे की वाळलेल्या, गाठी बांधण्याचा आणि वाहतुकीचा खर्च कोणाकडे, हे लेखी असावे. सुटे गवत जागा फार व्यापते. कारखाना लांब असेल तर भाड्यातच नफा जातो.

गावाचे गायरान किंवा जुने माळरान यासाठी नांगरू नये. सातबारावर पोटखराबा (लागवडीला अयोग्य जमीन) म्हणून नोंदलेल्या कित्येक माळांवर मेंढपाळांची चराई चालते आणि काळवीट, लांडगे तेथेच राहतात. शिवाय तेथे अंजन-मारवेल आधीच असेल, तर केवळ चराई आवरून ते वाढते. स्वतःच्या रानातही सुरुवात एखाद्या एकरापासून करावी. दुष्काळी वर्षात वाळल्या चाऱ्याचा भाव इंधनाच्या दरापेक्षा वर जाऊ शकतो, म्हणून खरेदीदाराशी करार करताना अशा वर्षी गवत चारा म्हणून विकण्याची मुभा लिहून घ्यावी, आणि ती मिळत नसेल तर निम्म्याहून अधिक क्षेत्र करारात बांधू नये.