पालेंके ते तिकाल: होडीतून सीमा ओलांडत माया नगरांकडे

पालेंके आणि तिकाल, दोन्हीकडे जंगलात प्राचीन माया लोकांच्या नगरांचे अवशेष आहेत. मेक्सिकोतल्या पालेंकेहून ग्वाटेमालातल्या तिकालला जायला एजंटाची व्हॅन मिळते. ती हॉटेलातून उचलते, नदीवर होडीत बसवते आणि पलीकडे दुसऱ्या गाडीत कोंबते. ज्यांच्याकडे दोनच दिवस आहेत त्यांनी तीच घ्यावी. पाच-सहा दिवस असतील तर हा प्रवास स्वतः तुकड्यातुकड्याने करा. या वाटेवरचं सगळ्यात सुंदर ठिकाण व्हॅनवाले धावतपळत दाखवतात किंवा गाळूनच टाकतात.

आधी कागद

भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोला व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिको वेगळा मागत नाही. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींची इथेच गफलत होते: पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा मुदतीत हवा, नोकरीच्या मंजुरीचं पत्र त्याच्या जागी चालत नाही. ग्वाटेमालाचे नियम वेगळे आहेत. तिकीट काढण्याआधी त्यांच्या दिल्लीतल्या वकिलातीला ईमेल करा आणि आलेलं उत्तर छापून सोबत ठेवा. जंगलातल्या नाक्यावर फोनला रेंज असेलच असं नाही.

आणखी एक कागद जपा. मेक्सिकोचा पर्यटक कर बहुतेक विमान तिकिटातच घेतलेला असतो, पण जमिनीवरून देश सोडताना अधिकारी त्याचा पुरावा मागू शकतात. नसेल तर पुन्हा भरावा लागतो. तिकिटाचा तो हिशेब, ज्यात करांच्या रकमा सुट्या दाखवलेल्या असतात, घरूनच छापून न्या.

केव्हा जायचं

डिसेंबर ते एप्रिल. मे महिन्यात उकाड्याने जीव नकोसा होतो. जून ते ऑक्टोबर पाऊस असतो. तेव्हा धबधबे मोठे होतात, पण पाणी चहाच्या रंगाचं. पावसाळ्यात सह्याद्री चढलेल्यांना शेवाळलेल्या पायऱ्यांचं नवल नाही. तरी पकड असलेले बूट, सॅकच्या आत प्लास्टिकचं अस्तर आणि डासांचं मलम हवंच. या भागात डेंग्यू असतो.

पालेंके: दोन मुक्काम

पालेंके गाव आणि अवशेष यांत साधारण आठ किलोमीटरचं अंतर. मधे एल पांचान नावाची झोपड्या-खोल्यांची वस्ती आहे, अगदी जंगलात. मुक्काम तिथे करा. रात्री हाउलर माकडं ओरडतात तेव्हा पहिल्यांदा वाटतं वाघच आला. गावातून कॉम्बी सतत धावतात. कॉम्बी म्हणजे आपलं वडापच, हात दाखवला की थांबते.

सकाळी दार उघडतं तेव्हाच पोचा. दहानंतर सहलीच्या बसेस येतात. शिलालेखांच्या मंदिरात पकाल राजा पुरला आहे. इ.स. ६१५ ते ६८३, म्हणजे तब्बल अडुसष्ट वर्षं त्याने राज्य केलं. पुरातत्त्वज्ञ आल्बेर्तो रुस लुइये यांना मंदिराच्या फरशीत भोकं असलेली एक शिळा दिसली. ती उचलल्यावर खाली राडारोड्याने बुजवलेला जिना निघाला. तो मोकळा करायला काही हंगाम गेले आणि १९५२ मध्ये ते दफनकक्षापर्यंत पोचले. आता त्या मंदिरावर चढू देत नाहीत आणि पकालचा हिरव्या जेडचा मुखवटा मेक्सिको सिटीच्या संग्रहालयात आहे. पण इथल्या लहान संग्रहालयात शवपेटीची प्रतिकृती आहे, ती बघूनच निघा.

या नगराचं जुनं नाव लाकामहा, अर्थ ‘मोठं पाणी’. राजवाड्याच्या बाजूने ओतोलुम ओढा दगडी बोगद्यातून नेलाय. लोक वर बघत चालतात, तुम्ही जरा खालीही बघा.

धबधबे

पालेंकेहून ओकोसिंगोच्या रस्त्यावर वीसेक किलोमीटरवर मिसोल-हा लागतो. पस्तीसेक मीटरची एकच धार, आणि तिच्या मागून चालत जाता येतं. पुढे, पालेंकेपासून साठेक किलोमीटरवर आग्वा आसुल, नावाचा अर्थच ‘निळं पाणी’. पाण्यात विरघळलेला चुना साचत साचत पायऱ्या बनल्या आणि त्यावरून नदी टप्प्याटप्प्याने उतरते. २०१७ च्या नोव्हेंबरात प्रवाह सरकला आणि मुख्य धबधबे जवळजवळ कोरडे पडले. तेव्हा गावकऱ्यांनीच पात्र मोकळं केलं.

पोहायचं तर फलकांनी दाखवलेल्या जागीच. पाणी शांत दिसतं, खाली ओढ जबर असते, आणि इथे माणसं बुडाली आहेत.

ही जमीन गावांची सामाईक आहे, त्यामुळे प्रवेशाचे पैसे गावकरी घेतात, कधी दोन नाक्यांवर. घासाघीस करू नका, सुटे बाळगा. या रस्त्यावर अधूनमधून गावकरी दोरी किंवा झाडं आडवी टाकून रस्ता अडवतात, त्याला ‘ब्लोकेओ’ म्हणतात. मागणी बहुधा सरकारकडे असते, तुमच्याकडे नाही. पण तास-दोन तास जातात, म्हणून धबधब्यांच्या दिवशी पुढची गाडी पकडायची आखणी करू नका.

पैसे आणि पोट

पालेंकेत एटीएममधून पुरेसे पेसो काढा. त्यानंतर थेट ग्वाटेमालातल्या सांता एलेना-फ्लोरेसपर्यंत एटीएमच्या भरवशावर राहू नका. सीमेवर नोटा बदलणारे भेटतील, भाव कमी मिळेल. पहिल्या बसभाड्यापुरतेच केत्साल, म्हणजे ग्वाटेमालाचं चलन, घ्या.

शाकाहारींनी एक धडा पाठ करावा: ‘सिन कार्ने’ म्हटलं की मटण-गोमांस जातं, कोंबडी राहते. ‘सिन पोयो’ वेगळं सांगा. घेवड्याचा रगडा डुकराच्या चरबीत परतलेला असू शकतो, म्हणून ‘सिन मान्तेका’ही सांगा. तोर्तियाची मात्र काळजी नको. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून केलेली पातळ भाकरीच ती. चुना आपण पानाला लावतो, यांनी तो मक्याला लावला.

नदीकडे: भल्या पहाटे

आता खरा दिवस. पालेंकेहून सीमेवरच्या नदीकाठी असलेल्या फ्रोंतेरा कोरोसाल गावाला जाणारी पहाटेची कॉम्बी पकडा. तीनेक तास लागतात. उशीर केलात तर वाटेत अंधार पडेल, आणि या भागात अंधारात प्रवास करायचा नाही. गेल्या काही वर्षांत चियापास या मेक्सिकोच्या राज्यात, इथल्या सीमाभागात टोळ्यांच्या भांडणांनी वातावरण बिघडलंय. आदल्या संध्याकाळी पालेंकेत दोन-तीन ठिकाणी विचारा: गाड्या चालू आहेत का, अवशेष उघडे आहेत का. उत्तर देताना कुणी अडखळला, तर व्हॅनचाही हट्ट नको, बेत बदला.

वाटेत सान हावियेरच्या फाट्यावर उतरून बोनाम्पाक या माया अवशेषांकडे जाता येतं. आतली वाहतूक या जंगलातल्या मूळच्या लाकान्दोन लोकांकडे आहे. तीन खोल्यांच्या भिंतींवर इ.स. ७९० च्या सुमाराची रंगचित्रं आहेत: मिरवणूक, लढाई, नखं उपटलेले कैदी. माया म्हणजे शांत, ताऱ्यांकडे बघणारी माणसं, हा समज तिथे मोडतो.

फ्रोंतेरा कोरोसालला एक रात्र राहा. याश्चिलान हे ते सुंदर ठिकाण, आणि तिथे रस्ता जात नाही. उसुमासिंता नदीवरून लांचा, म्हणजे इंजिनाची लांबट होडी, प्रवाहाबरोबर पाऊणेक तासात नेते. भाडं होडीचं असतं, माणशी नाही. घाटावर थांबून चार जण जमवा. येताना उलटा प्रवाह, जास्त वेळ.

टॉर्च न्या. आत शिरायचा मार्गच एका अंधाऱ्या इमारतीच्या बोळकांड्यांतून जातो, आणि वटवाघळांचा वास आपल्या लेण्यांत फिरलेल्याला लगेच ओळखू येईल. पलीकडे उजेडात हिरवळीचं पटांगण आणि नदीकाठची पडकी मंदिरं. दारांवरच्या कोरीव शिळांपैकी सर्वांत गाजलेल्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. एकीत शोक नावाची राणी आपल्या जिभेतून काटेरी दोरी ओढते आहे. पण कित्येक शिळा अजून जागेवर आहेत: दारात उभे राहा आणि मान वर करा. वर ३३ क्रमांकाच्या मंदिरात राजाची मूर्ती आहे, तिचं मुंडकं शेजारीच पडलंय. ते पुन्हा बसलं की जग संपेल, असं लाकान्दोन सांगतात. हात लावू नका.

सीमा

इथे क्रम चुकवायचा नाही.

१. आधी फ्रोंतेरा कोरोसालच्या कचेरीत मेक्सिकोतून बाहेर पडल्याचा शिक्का घ्या. ती घाटावर नाही, थोडी आत आहे. होडीवाला विचारणार नाही, कारण त्याला फक्त भाडं हवंय.

२. मग नदीपलीकडच्या ला तेक्निका गावाची लांचा. काही मिनिटांत पलीकडे.

३. तिथून फ्लोरेसकडे जाणारी बस. वाटेत बेथेलला ग्वाटेमालाचं इमिग्रेशन आहे. चढतानाच ड्रायव्हरला ‘मिग्रासियोन’ म्हणून सांगा आणि उतरताना बस थांबणार ना, हे पक्कं करा. सॅक बसमध्ये राहू दे, पासपोर्ट-पैसे अंगावर.

४. शिक्क्यावरची तारीख तिथेच वाचा. मिळणारे नव्वद दिवस ग्वाटेमाला, होन्दुरास, एल साल्वादोर आणि निकाराग्वा या देशांत मिळून मोजले जातात.

शिक्क्याशिवाय फ्लोरेसला पोचलात, तर परत यावं लागेल आणि दंडही होऊ शकतो. दोन्ही देशांची घड्याळं सारखी, बदलायची नाहीत. रस्ता आधी कच्चा, मग बरा. संध्याकाळपर्यंत फ्लोरेस येतं.

फ्लोरेस आणि तिकाल

फ्लोरेस हे पेतेन इत्सा तळ्यातलं बेट, पुलासारख्या रस्त्याने सांता एलेनाला जोडलेलं. याच बेटावर इत्सा मायांची राजधानी होती. स्पॅनिशांनी ती १६९७ मध्ये जिंकली. एक दिवस कपडे वाळवा.

तिकाल पासष्टेक किलोमीटरवर आहे. पहाटेची व्हॅन धरा आणि आत गेल्यावर मुख्य चौकाकडे न वळता आधी थेट चौथ्या मंदिराकडे चाला. लाकडी जिन्याने वर चढता येतं. धुकं विरतं तसे झाडांच्या माथ्यांतून बाकीच्या मंदिरांचे कळस एकेक करून वर येतात. मुख्य चौक नंतर. पहिल्या मंदिरावर चढायला बंदी आहे.

खाऊ मात्र सॅकच्या तळाशी ठेवा. इथली पिसोते नावाची लांब शेपटीची, रॅकूनच्या कुळातली जनावरं टोळीने फिरतात आणि उघड्या चेनमधून केळं काढायला त्यांना क्षणभर पुरतो.